शालन कंडक्टरच्या यादीतलं पाचवं नाव

जानेवारी सरला की शालूबाईंचं काहीतरी बिनसतं. तिकिटाच्या मशीनची बटणं त्या गरजेपेक्षा जोरात दाबतात. रिकामी सीट असली तरी बसत नाहीत. कागलच्या स्टँडवर गाडी थांबली की उगाच खाली उतरतात आणि उगाच वर चढतात. नव्या प्रवाशाला वाटतं, बाईंना घरची काळजी असेल. मुरगूडच्या जुन्या प्रवाशांना बरोबर ठाऊक असतं, की बाईंची यादी व्हायची आहे.

मी सयाजी, त्यांचा ड्रायव्हर. कोल्हापूर-मुरगूड मार्गावर आम्ही दोघं अकरा वर्षं एका गाडीवर आहोत. ड्यूटी लावणाऱ्या बाबूच्या हातापाया पडून ही जोडी टिकवली आहे, कारण दुसरा कंडक्टर मला सोसत नाही आणि दुसरा ड्रायव्हर बाईंना ऐकून घेत नाही. लग्नाच्या बायकोचं मी जेवढं ऐकलं नसेल तेवढं या बाईंचं ऐकलंय, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त सिनेमाबद्दल. मला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. जिथं हातात स्टेअरिंग नाही आणि समोर अंधार आहे, तिथं मी दहा मिनिटांत घोरायला लागतो.

बाईंचं वय चोपन्न. खाकी साडी, कानात बारीक सोन्याच्या कुड्या, आणि आवाज असा की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस ‘निढोरी फाटा’ म्हटलं की उठून उभा राहतो. बावीस वर्षं इंजिनाच्या घरघरीत काढून उजवा कान कामातून गेलाय, त्यामुळे फोन आला की त्या स्पीकरवर लावतात आणि त्यांच्या घरातलं सगळं गाडीला कळतं. राहायला कसबा बावड्यात, विहाराच्या मागच्या गल्लीत. मीही बावड्याचाच, कारखान्याच्या रस्त्याला. त्यांचा नवरा त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. सहा वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला. मागं एकुलता एक मुलगा, प्रसेनजीत. त्याच्याकडे नंतर येतो, कारण ही गोष्ट त्याचीच आहे.

आठवड्याची सुट्टी सगळे रविवारची मागतात. बाईंनी भांडून शुक्रवार घेतला. मराठी पिक्चर लागतो शुक्रवारी आणि पुढचा गुरुवार बघेलच याची खात्री नसते. सकाळी सव्वादहा नाहीतर दुपारी एक, अशा कुणालाच न जमणाऱ्या वेळेला एक खेळ ठेवायचा आणि वर मराठी माणूस थेटरात येत नाही म्हणून बोंब मारायची, हा त्या धंद्यातला शहाणपणा. बाई मात्र येतात. वर्षाला चाळीस-पन्नास पिक्चर, सगळे थेटरात, एकट्या. मोबाईलवर बघितलेला त्या मोजत नाहीत. "खिडकीतनं बघितल्यालं गाव म्हंजे गावाला जाणं न्हवं," असं त्यांचं म्हणणं.

एकदा ‘खारवट’ नावाचा पिक्चर कोल्हापुरात लागलाच नाही. इचलकरंजीत एक खेळ होता. मला मोटारसायकल काढायला लावली. थेटरात बाई, मी आणि एक म्हातारं जोडपं. मॅनेजर म्हणाला, पाच तिकिटं खपल्याशिवाय खेळ करत नाही. मी मनातून खूश झालो. तोवर बाई रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या आणि रसाच्या गाड्यावर उभ्या असलेल्या एका माणसाला घेऊन आल्या.

"पावणं, दोन तास गार हवंत बसायचं. तिकीट माझं. झोप आली तर झोपा, हे आमचं ड्रायव्हर बी झोपत्यात."

मी झोपलो. पावणा मात्र डोळे पुसत बाहेर आला. मग भर उन्हात बाईंनी त्याला अर्धा तास विचारलं, कुठल्या जागी रडू आलं, तिथंच का आलं, त्याच्या आधी काय बघत होतास. तो बिचारा कबनूरला सूत पोचवायला निघाला होता.

पिक्चरला चांगलं-वाईट म्हणायची त्यांची भाषा आमच्या गाडीतली. एक घंटी म्हणजे थांबवा, दोन घंट्या म्हणजे जाऊ द्या. तसं, पडलेला पिक्चर सिंगल आणि जमलेला डबल. शुक्रवारी बघितलेल्याचा निकाल शनिवारी पहिल्या फेरीला जाहीर होतो. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बायकाच जास्त. त्या हा निकाल ऐकून कोल्हापूरला लग्नाच्या खरेदीला आल्या की थेटरात जायचं का नाही ते ठरवतात. भीडमुर्वत नावाची गोष्ट बाईंकडे नाही. मुरगूडच्याच एका कंत्राटदारानं पदरचे पैसे घालून पिक्चर काढला होता. तो पेढ्याचा पुडा घेऊन आमच्या गाडीत चढला. बाईंनी पेढा तोंडात टाकला, चवीनं खाल्ला आणि म्हणाल्या, "पेढा डबल. पिक्चर सिंगल." सगळी गाडी हसली. कंत्राटदार मुरगूडचं तिकीट असून फाट्यावरच उतरला.

तर यादी. आमच्या बावड्यात पाण्याच्या टाकीजवळ मंडळाचा फळा आहे. कोण वारलं, पाणी कधी येणार नाही, कुणाचा वाढदिवस, रस्त्यातल्या खड्ड्यावरून नगरसेवकाला टोमणा, असं रोज काहीतरी खडूनं लिहिलेलं असतं. कोल्हापुरात पेपर नंतर वाचतात, फळा आधी. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. टीव्हीवर दाखवतात ते मोठे पुरस्कार मार्चमध्ये असतात. त्याच्या आदल्या रविवारी फळा बाईंचा. डावीकडे वर्षातले आवडीचे दहा पिक्चर, उजवीकडे पाच बक्षिसं आणि पाच नावं. याला अंदाज म्हटलेलं त्यांना खपत नाही. ज्याचं काम खरं असेल त्याचं नाव त्या लिहितात, आणि खऱ्याला बक्षीस मिळतंच असा त्यांचा विश्वास. जगात एवढं सरळ काही नसतं असं मी हजारदा सांगितलंय. पण दर वर्षी पाचातली चार नावं बरोबर येतात, त्यामुळं माझं तोंड बंद होतं. फळ्याचे फोटो मुरगूडपासून पुण्यापर्यंत फिरतात.

आता प्रसेनजीत. डिप्लोमा झालेला, गोकुळ शिरगावला फौंड्रीत चांगला लागलेला पोरगा. बाप गेल्यावर तीन वर्षांनी त्यानं नोकरी सोडली आणि म्हणाला, मी नट होणार. कुठल्याही घरात यावर जे होतं ते झालंच, पण या घरात आणखी एक झालं. जायच्या आधी त्यानं एका स्पर्धेत नाटकात काम केलं आणि आईला बघायला बोलावलं. आईनं बघितलं. घरी येऊन पोरानं विचारलं, कसं झालं? बाई म्हणाल्या, "सिंगल."

पोरानं बॅग भरली. दारात उभं राहून म्हणाला, "तुझ्या फळ्यावर नाव लागंल त्या दिवशी घरात पाय ठेवीन." पोटचं पोर असं बोलून गेलं तेव्हा मी तिथं होतो, आणि मला दोघांचाही राग आला होता. आईचा जास्त. बोलायचं होतं काय खोटं एकदा, कोण मरत होतं? तेव्हापासून तीन वर्षं फोनवर फक्त ‘जेवलास का’ आणि ‘जेवलो’.

मागच्या नोव्हेंबरात ‘दुसरी पाळी’ लागला. कबनूरच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एका घराची गोष्ट, तिथंच काढलेली. बाप मागावर काम करता करता कोसळतो आणि जातो. धाकटा मुलगा आमचा प्रसेनजीत. दवाखान्याच्या बोळात तो भिंतीला टेकून रडतो, तीन मिनिटं. कॅमेरा हलत नाही. त्या शुक्रवारी मीही रजा टाकली. बाईंच्या शेजारी बसलो आणि पहिल्यांदा झोपलो नाही. त्या बोळातल्या रडण्याला मी रुमाल काढला. मागच्या रांगेतल्या बायका तर हुंदके देत होत्या. मी बाईंकडे बघितलं. त्या सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर, बोटं मात्र साडीच्या काठाशी सारखी चाळा करत होती.

शनिवारी पहिल्या फेरीला गाडी खचाखच. सगळ्यांना निकाल पाहिजे होता. बाई काहीच बोलल्या नाहीत. कागलला उतरणाऱ्याला त्यांनी निढोरीचं तिकीट दिलं आणि एका म्हातारीला थांब्यावरच सोडून घंटी मारली. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी आरशात म्हातारी बघून गाडी मागं घेतली.

मुरगूडला गाडी रिकामी झाल्यावर मी विषय काढला.

"शालूबाई, पोरगं काय रडलंय वो! सगळं थेटर रडालतं."

"व्हय."

"मग डबल का न्हाय?"

"खोटं हाय त्ये."

"अवो, पिक्चरच हाय त्यो. खोटंच आसतंय की सगळं!"

"तसं न्हवं सयाजी." त्या बसल्या, परत उठल्या. "चौथीत आसताना ह्येनं शेजारच्या रत्नाबाईंची तुळशीची कुंडी फोडली. मारू ने म्हणून रडला. आदी डाव्या बाहीनं नाक पुसलं, मग तोंड वाकडं क्येलं, मग डोळ्यात पाणी आणलं. ह्या पिक्चरमदी बी तसंच. पाणी यायच्या आदी नाक कोण पुसतंय? ज्येला रडायचं हाय त्यो पुसतंय. ज्येला रडू येतंय त्येला नाकाची सुद नसती."

"आता हे सगळ्या महाराष्ट्रात एका माणसाला कळणार. तुमाला!"

"एकाला कळलं म्हंजे हाय न्हवं?"

मी चहा प्यायला गेलो.

फेब्रुवारीत नामांकनं आली आणि सहायक अभिनेत्याच्या पाच नावांत प्रसेनजीत. बावड्यात फटाके वाजले. त्याच पाचांत सांगलीकडचे अण्णासो मगदूम नावाचे नट होते. सत्तरीचे. आयुष्यभर पिक्चरमध्ये पोस्टमन आणि हवालदार झालेले. ‘हद्दीचा दगड’ मध्ये ते थोरल्या भावाचं काम करतात. बांधावरून धाकट्या भावाशी कोर्टात भांडण चालू असतं. धाकटा गेल्याची बातमी येते तेव्हा थोरला जेवायला बसलेला असतो. तो भाकरी मोडतो. मोडून ताटात ठेवतो. मग आणखी एक मोडतो. खात नाही, उठत नाही, बोलत नाही. एवढंच. नोव्हेंबरच्या आधीच बाईंनी याला डबल दिली होती आणि म्हणाल्या होत्या, औंदा ह्या बक्षिसाला दुसरं नाव न्हाय.

त्या महिन्यात बाईंनी मला वेडं करायचं तेवढं बाकी ठेवलं. घंटी मारायच्या, मग "थांबा थांबा" म्हणायच्या. ‘हद्दीचा दगड’ पुन्हा कुठं लागलाय का विचारायच्या. मग म्हणायच्या, ‘दुसरी पाळी’ परत बघितला पाहिजे, मागच्या येळंला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो परत बघितला, गडहिंग्लजला जाऊन. आल्यावर काही बोलल्या नाहीत. म्हणजे नाक तिथंच होतं. मला चीड यायची. तीन वर्षं पोराचं तोंड बघितलं नाही, फळ्यावर दोन शब्द लिहिले की पोरगं घरी येतंय, आणि ही बाई बाहीचा हिशेब करत बसलीय!

रविवार उजाडला. नऊ वाजता मी फळा ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून तयार ठेवला. टाकीजवळ पन्नासेक माणसं होती. बाईंनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून आणलं होतं. डावीकडची दहा नावं सरळ लिहून झाली. पहिला ‘हद्दीचा दगड’, दुसरा ‘मावशीचा पासपोर्ट’, ज्याला गाडीतल्या बायका हसून हसून दमल्या होत्या. ‘दुसरी पाळी’ सहावा. सहावा ऐकून लोक कुरकुरले, पण गप्प बसले. उजवीकडची चार बक्षिसंही झाली. पाचव्यापाशी कागद कोरा होता.

"ल्ह्या," बाई म्हणाल्या. "अण्णासो मगदूम."

मी ‘अण्णासो’ लिहिलं. मंडळाचा अध्यक्ष वृषभ, किराणा दुकानवाला, मोठ्यानं म्हणाला, "काकी, आवो आपल्या बावड्याचं पोरगं नामांकनात आलंय! आपल्याच फळ्यावर त्येचं नाव न्हाय? लोक काय म्हणतील?"

"लोकांचा फळा न्हाय आज," बाई म्हणाल्या आणि घरी गेल्या.

दहा मिनिटांनी परत आल्या. "पुसा." मी पुसलं. "काय लिवू?" म्हणेपर्यंत त्या परत गेल्या. दुपारी आल्या, म्हणाल्या, मगदूमच लिहा. मी लिहिलं. चारच्या सुमाराला पुन्हा आल्या आणि फळ्यासमोर चप्पल घासत नुसत्या उभ्या राहिल्या. माणसं पांगली होती. माझ्या बोटांना खडूची भुकटी लागून लागून कातडं फुटायला आलं होतं, आणि माझं डोकं फिरलं.

"शालूबाई, तुमी आई हायसा का परीक्षक? तीन वर्सं पोरगं दाराबाहेर हाय. एक नाव खोटं लिवलं म्हणून तुमचा फळा मोडून पडत न्हाय!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता आपल्याला फाट्यावर उतरवणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "ल्ह्या त्येचं."

मी लिहिलं. प्रसेनजीत. आयुष्यात एवढं सुंदर अक्षर मी काढलं नव्हतं. फोटो काढला आणि मीच पोराला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मला वाटलं, आनंदानं शब्द सुचत नसतील. माणूस गाढव असतो तेव्हा त्याला सगळं असंच सोपं वाटतं.

पुढच्या रविवारी पुरस्कार झाले. बाईंची चार नावं बरोबर आली. पाचवं बक्षीस अण्णासो मगदूमांना मिळालं.

सोमवारी पहिल्या फेरीला गाडीत सगळे बाईंची समजूत घालत होते. "पोरासाठी चुकलासा, चुकू दे की," "आई हाय म्हटल्यावर हुणारच." बाई तिकिटं फाडल्यासारखी मशीनमधून ओढून देत होत्या. मुरगूडला पोचलो. परतीला पंधरा मिनिटं होती. कोल्हापूरला जाणाऱ्या बायका चढून बसल्या होत्या, पुढच्या सीटवर भाजीची पाटी मांडीवर घेतलेली एक आक्का. बाई फेरीचा कागद भरत माझ्या केबिनशेजारी उभ्या होत्या तेवढ्यात फोन वाजला. नेहमीप्रमाणे स्पीकर.

"आई."

"च्या झाला का?" बाईंनी विचारलं.

"फळा बघितला मी. काकांनी फोटू धाडलाता."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काचेतून समोरची भिंत बघायला लागलो.

"खोटं का लिवलंस?" पोरगं म्हणालं.

"कोण म्हणतंय खोटं?"

"पिक्चर तू पयल्या शुक्रवारी बघितलास. डबल आसता तर थेटरातनंच फोन क्येला आसतास. चार म्हयने तू फकस्त जेवलास का इचारलंस, तवाच मला कळलं. बक्षिसाचं कायबी वाटलं न्हाय मला. पर तू सगळ्यांना तोंडावर सांगतीस आन् माझ्यावर दया क्येलीस. म्हंजे मी त्येवढ्या लायकीचा बी न्हाय व्हय?"

मी मान खाली घातली. फळ्यावरचं ते सुंदर अक्षर माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला माझीच लाज वाटली. बाईंनी कागदावरचं पेन उचललं. मग एकच शब्द म्हणाल्या.

"नाक."

"काय?"

"रडायच्या आदी तू नाक पुसतोस. डाव्या बाहीनं. ल्हानपणापासनं. खोटं रडताना."

मग पोरगं म्हणालं, "बरं. आनि?"

"आनि त्यो पोरगा रडलाच नस्ता. बाप मेलाय त्येचा."

"डायरेक्टर म्हणला, रड."

"डायरेक्टरचा बाप जित्ता आसंल."

पोरगं हसलं. तीन वर्षांनी त्या फोनवर हसू ऐकलं मी. पण ते लगेच थांबलं.

"मग काय क्येलं आस्तं त्येनं?"

"तू काय क्येलंतंस?"

"मी?" त्याचा आवाज बदलला. "मी कायच क्येलं न्हाय. रडलो बी न्हाय. आत्त्या सगळ्यांच्या म्होरं म्हणली, दगडाचं पोरगं हाय. तू ऐकलंस त्ये. तू बी काय बोलली न्हाईस. तुला बी तसंच वाटलं आसंल."

बाईंनी फेरीचा कागद मशीनवर ठेवला.

"त्या दिशी बायांनी मला आत धरून बसवलंतं. मला नुसतं दार दिसत हुतं. आत बुद्धवंदना चाललीती. भायेर लोकांच्या चपला कशाबी पडल्यात्या आन् तू वाकून एकेक जोड लावत हुतास. शंभर माणसाच्या चपला. कोण आलं की परत लावायच्या. समद्यात शेवटी तुझ्या बाची चप्पल घ्येतलीस. ती कुटं ठिवायची तुला कळंना. हातात घ्येऊन गल्लीच्या टोकापतोर गेलास आन् माघारी आलास. मग पायरीवर ठिवलीस. भायेरच्या बाजूला तोंड करून. निघताना पायात सरळ जावी अशी."

मग बाई म्हणाल्या, "त्ये खरं हुतं. तसं मी कुठल्या पिक्चरमदी बघितलं न्हाय."

मग प्रसेनजीत म्हणाला, "त्ये तू बघितलंतंस?"

"बघितलं की."

यानंतर जे ऐकू आलं त्याला शब्द नव्हते. श्वास अडकत होता, फोन कशावर तरी आपटल्यासारखा आवाज झाला, आणि सहा वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. बाईंनी गडबडीनं स्पीकर बंद केला, फोन डाव्या कानाला, चांगल्या कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ करून त्या दाराच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. नुसतं ऐकत होत्या.

सुटायची वेळ होऊन गेली होती. पुढच्या सीटवरच्या आक्कानं पाटी सरकवली आणि ओरडली, "आरं ड्रायव्हर, गाडी सोडतोस का न्हाय?"

"थांबा की जरा, आक्का," मी म्हणालो. "पोरगं रडालंय तिचं."